विद्यार्थ्याच्या हातातील साधन आणि त्याची विद्या

(हुबळी येथील केशवापूर भागात महाविद्यालयीन विद्यार्थी, त्यांचे पालक व शिक्षक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा पाठ)

१९३३ साली गदग येथील अकरा वर्षांचा एक मुलगा घर सोडून निघून गेला. अब्दुल करीम खाँ यांच्या ठुमरीची ध्वनिमुद्रिका त्याच्या कानांवर पडली होती आणि असे गाणे आपल्याला आले पाहिजे, या ध्यासाने त्याला घरात राहवेना. ग्वाल्हेर, जालंधर अशी दूरदूरची भटकंती करून तो परतला आणि १९३६ मध्ये येथून जवळच असलेल्या कुंदगोळ गावी सवाई गंधर्वांचा शिष्य म्हणून राहिला. हा मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. सवाई गंधर्व हे स्वतः अब्दुल करीम खाँ यांचेच शिष्य. म्हणजे ज्या ध्वनिमुद्रिकेने त्या मुलाला घराबाहेर काढले, तिच्यामागील विद्या त्याला अखेर आपल्याच मुलखात, हुबळीच्या शेजारी मिळाली. परंतु ती मिळाली माणसाकडून.

विश्वविद्यालयीन विद्यार्थी अभ्यासासाठी नवनवी साधने कशी वापरतात, या विषयाच्या आरंभी गाण्याची गोष्ट काढण्याचे कारण आहे. त्या काळात ध्वनिमुद्रिका हे शिक्षणाचे सर्वांत नवे साधन होते, मग ते कोणी त्या हेतूने बनविले नसले तरी. मिरजेस राहणाऱ्या गायकाचा आवाज तिने गदगच्या रस्त्यावर आणला. शंभर वेळा वाजविली तरी ती कंटाळत नसे, आणि ऐकणारा ब्राह्मणाचा की मजुराचा, हेही ती विचारीत नसे. एवढे गुण असूनही तिच्यात एक उणीव होती. ती गात असे, पण शिकणाऱ्याचे गाणे तिला ऐकता येत नव्हते. त्याचा स्वर कोठे ढळला, तान कोठे अडखळली, हे सांगण्यासाठी समोर कान असलेला माणूसच लागत असे. त्यानंतरच्या नऊ दशकांत साधने कितीतरी बदलली. ही उणीव मात्र प्रत्येक साधनाच्या वाट्याला येत राहिली, आणि अगदी अलीकडे ती भरून निघाल्यासारखी दिसू लागली तेव्हा एक निराळीच अडचण उभी राहिली.

हुबळी-धारवाड ही जोडनगरी विद्येचे ठाणे म्हणून ओळखली जाते. धारवाडचे कर्नाटक विश्वविद्यालय १९४९ मध्ये स्थापन झाले. कृषिविज्ञान विश्वविद्यालय १९८६ मध्ये आले. हुबळीच्या विद्यानगरातील १९४७ पासूनच्या भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २०१५ मध्ये तांत्रिक विश्वविद्यालयात रूपांतर झाले आणि २०१६ पासून धारवाडला आय.आय.टी.चे वर्ग सुरू झाले. केशवापुरात रेल्वेच्या नोकरदारांची वस्ती पूर्वीपासून आहे. येथील घराघरांतून या संस्थांकडे जाणारी मुले-मुली आहेत, तशीच कुंदगोळ, नवलगुंद, कलघटगी या तालुक्यांतून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारीही आहेत. त्यांपैकी कोणत्याही मुलाच्या अभ्यासाच्या मेजाकडे पाहावे, तर पुस्तकाहून अगोदर मोबाइल दिसतो. पालकांना तो खेळ वाटतो. मुलगा म्हणतो, अभ्यास चालला आहे. बहुतेक वेळा दोघांच्याही म्हणण्यात काही अंशी तथ्य असते.

शिक्षकाची उणीव यंत्राने भरून काढण्याची कल्पना आपल्या देशात काही नवी नव्हे. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यांत कर्नाटकातील गावेही होती. १५ ऑगस्ट १९८४ पासून विश्वविद्यालय अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा उपक्रम चालू केला. त्यासाठी पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी चित्रनिर्मितीची केंद्रे उघडण्यात आली आणि तेथे परिश्रमपूर्वक उत्तम कार्यक्रम तयार झाले. ते प्रसारित होत ती वेळ मात्र दुपारची. त्या वेळी विद्यार्थी वर्गात किंवा बसथांब्यावर असे, आणि दूरचित्रवाणी संच असलाच तर तो कुलुपात असे. कार्यक्रम चांगला असूनही ज्याच्यासाठी केला त्याच्यापर्यंत न पोचणे, हा प्रकार पुढेही अनेकदा घडला.

२००४ सालची हकीकत तर हुबळीकरांच्या अधिक जवळची आहे. त्या वर्षी २० सप्टेंबर रोजी श्रीहरिकोटा येथून ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह सोडण्यात आला. त्यापूर्वी इन्सॅट-३बी या उपग्रहावर जो प्रायोगिक टप्पा पार पडला, त्यासाठी देशातील तीन विश्वविद्यालये निवडण्यात आली होती: बेळगावचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विश्वविद्यालय, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि मध्य प्रदेशातील राजीव गांधी तांत्रिक विश्वविद्यालय. सीमेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. एका ठिकाणच्या तज्ज्ञ प्राध्यापकाचे व्याख्यान अनेक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना एकाच वेळी पाहता यावे, आणि दूरच्या वर्गातून प्रश्नही विचारता यावा, अशी ती योजना होती. विद्यार्थ्याला प्रश्न विचारता यावा, हा विचार या योजनेत होता, हे तिचे वैशिष्ट्य म्हटले पाहिजे. पण शंभर वर्ग एका पडद्यापुढे बसले असता प्रश्न कितीजणांचे घेता येणार? २०१० मध्ये त्या उपग्रहाचे आयुष्य संपले. तोपर्यंत व्याख्याने आंतरजालावर येऊ लागली होती. पुढे २०१६ पासून मोबाइलवरील आंतरजालाचा दर एकदम उतरला आणि उपग्रहाची तबकडी बसविण्याचे प्रयोजनही उरले नाही.

अधिकाऱ्यांच्या आणि संस्थाचालकांच्या बोलण्यात उपग्रह, प्रयोगशाळा, स्मार्ट वर्ग असे मोठमोठे शब्द येतात. विद्यार्थ्याचा दिवस मात्र निराळ्याच लहान गोष्टींनी भरलेला असतो. मोबाइलवरील वर्गाच्या गटात उद्याचा तास रद्द झाल्याचा निरोप येतो. कोणीतरी टिपणे पाठवितो. कोणी मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका धाडतो. फळ्यावर लिहिलेले गणित उतरून घेण्याऐवजी तास संपताना चारपाच जण पुढे येऊन त्याचे छायाचित्र घेतात. परीक्षेच्या आदल्या रात्री पाऊण तासाचे व्याख्यान दीडपट वेगाने लावून अर्ध्या तासात संपविले जाते. ऑस्ट्रेलियातील दोन विश्वविद्यालयांच्या १,६५८ विद्यार्थ्यांना ‘अभ्यासात तुम्हांस खरोखर उपयोगी पडलेले साधन कोणते व कशासाठी’ असा प्रश्न विचारण्यात आला होता; त्या पाहणीचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुसंख्य उत्तरे अशाच स्वरूपाची होती. अभ्यासाची व्यवस्था लावणे, हवे तेव्हा व हवे तेथे साहित्य मिळणे, व्याख्यान पुन्हा ऐकता येणे, वेळ वाचणे. यंत्रामुळे विषयाकडे पाहण्याची दृष्टीच पालटली, असे सांगणारे थोडे निघाले. मेलबर्न आणि केशवापूर यांत कितीही अंतर असले तरी या बाबतीत दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांची भाषा एकच दिसते.

यात कमी लेखण्यासारखे काही नाही. नवलगुंदहून पहाटेची बस पकडणाऱ्या मुलीला तास रद्द झाल्याचे आदल्या रात्री कळले, तर तिचा एक दिवस व जाण्यायेण्याचे भाडे वाचते. पूर्वी ग्रंथालयातील एकुलती एक प्रत मिळविण्यासाठी रांग लावावी लागे आणि ती बहुधा प्राध्यापकांच्या नावावर गेलेली असे. आज नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियासारखे ग्रंथालय खोलीत बसून उघडता येते. ही सोय गरिबाच्या मुलाला अधिक उपयोगाची आहे, कारण श्रीमंताच्या मुलाला ती पूर्वीही होती.

पण सोय आणि शिक्षण यांत गल्लत होते ती येथेच. तीसचाळीस वर्षांपूर्वी महाविद्यालयांच्या फाटकाबाहेर झेरॉक्सची दुकाने निघाली. हुशार विद्यार्थ्याच्या वहीच्या प्रती काढून घ्यायच्या आणि त्या व्यवस्थित बांधून ठेवायच्या, असा प्रघात पडला. प्रत हातात आली की अर्धा अभ्यास झाल्यासारखे वाटे. तीच वही आता मोबाइलमध्ये गेली आहे. फरक इतकाच की झेरॉक्सला पानामागे पैसे पडत, म्हणून प्रत काढण्यापूर्वी मुलगा निदान पाने उलटून पाहत असे. आज एका क्षणात चारशे पाने येतात व ती कधी उघडली गेली नाहीत याचे भानही राहत नाही. ज्या शिक्षकांनी फळ्याचे छायाचित्र घेण्यास मनाई केली आहे त्यांना विद्यार्थी जुनाट म्हणतात. त्या शिक्षकांची बाजू अगदीच चुकीची नाही. फळ्यावरचे गणित हाताने उतरवताना एखादी पायरी कळली नाही, तर हात तेथे थांबतो. मोबाइलचा कॅमेरा कोठेच थांबत नाही.

व्याख्यान पुनःपुन्हा पाहण्याविषयी एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विश्वविद्यालयात रोडिगर व कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा लागोपाठ चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढे कागदावर लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट पुढे होता: ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. एक आठवड्यानंतर घेतलेल्या परीक्षेत मात्र पहिल्या गटाला ४० टक्केच आठवले, तर दुसऱ्या गटाला ६१ टक्के. त्याहून बोधप्रद गोष्ट अशी की, आपल्या लक्षात किती राहील याचा अंदाज विचारला असता चार वेळा वाचणाऱ्यांचाच आत्मविश्वास अधिक होता. व्याख्यान तीनदा पाहिलेला विद्यार्थी परीक्षेच्या दालनात गोंधळतो व ‘सारे येत होते, ऐन वेळी आठवले नाही’ असे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला येत आहे असे खरोखरच वाटत होते. डोळ्यांना ओळखीची झालेली गोष्ट मनाला येते आहे असे वाटणे, हा माणसाचा जुना दोष आहे. पुन्हा दाखविण्याची सोय जितकी वाढेल तितका तो बळावतो.

एक समज दूर करणे येथे अगत्याचे आहे. आजची तरुण पिढी जन्मतःच संगणकाच्या जगात वाढलेली, म्हणून तिला ही साधने आपोआप वापरता येतात, असे वडीलधाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. २००१ मध्ये अमेरिकेतील एका लेखकाने ही कल्पना मांडली आणि ती जगभर लोकप्रिय झाली. पुढे शिक्षणाच्या अभ्यासकांनी ती तपासून पाहिली तेव्हा तिला फारसा आधार सापडला नाही. एकाच वयाच्या, एकाच वर्गातील विद्यार्थ्यांत याबाबत मोठा फरक असतो. चित्रफीत पाहणे, निरोप पाठविणे, पैसे देणे या गोष्टींत तरबेज असलेला मुलगा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर योग्य लेख शोधू शकतोच असे नाही, आणि सापडलेला मजकूर विश्वासार्ह आहे की नाही हे पारखणे तर त्याला कोणी शिकविलेलेच नसते. वेगाने अंगठा चालतो म्हणून डोकेही त्याच वेगाने चालते, असे मानून शिक्षकांनी आपली जबाबदारी झटकू नये. आणखी एक साधी गोष्ट. मोबाइलवर वाचता येते, पण दहा पानांचा प्रबंध त्यावर लिहिता येत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के घरांत संगणक आढळला. शहरी भागात हे प्रमाण २३.४ टक्के होते. आंतरजालाची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के आणि शहरी भागात ४२ टक्के घरांत होती. त्यानंतर मोबाइल झपाट्याने पसरला, ही गोष्ट खरी. परंतु घरात एक मोबाइल असणे आणि विद्यार्थ्याला बसून लिहिता येईल असा संगणक असणे यांतील अंतर त्याने मिटलेले नाही.

या आकड्यांचा अर्थ २०२० साली सर्वांना कळून चुकला. मार्चअखेर टाळेबंदी आली, महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग पडद्यावर गेले. ज्या घरात दोन भावंडे आणि एक मोबाइल होता तेथे कोणाचा तास बुडवायचा हे रोज ठरवावे लागे, आणि बहुतेक ठिकाणी तो मुलीचा बुडे. कोकणात संपर्काची लहर मिळावी म्हणून विद्यार्थ्यांनी डोंगरावर खोपी बांधल्या. प्राध्यापक काळ्या चौकटींकडे पाहून बोलत राहिले. पलीकडे कोणी आहे की नाही हे त्यांना कळत नव्हते. त्या दोन वर्षांत व्याख्यानांचा तुटवडा नव्हता. वर्गानंतर व्हरांड्यात प्राध्यापकांना गाठून ‘सर, ती दुसरी पायरी समजली नाही’ असे म्हणण्याची जागा तेवढी नाहीशी झाली होती. त्या काळात अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या मुलांशी बोलले असता ते सर्वांत प्रथम त्या व्हरांड्याचीच आठवण काढतात.

भाषेचा प्रश्न सीमाभागात दुहेरी होतो. केशवापुरातील कित्येक मराठी घरांत आईशी बोलणे मराठीत, रस्त्यावर व दुकानात कानडी आणि परीक्षा इंग्रजीत, असा क्रम असतो. या मुलांची बुद्धी तीन भाषांत विभागलेली असते असे कोणी म्हणतात. खरे पाहता ती तीन भाषांनी श्रीमंत झालेली असते, फक्त त्या संपत्तीचा वापर करण्याची संधी तिला वर्गात मिळत नाही. येथे यंत्राने खरी मदत केली आहे. आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून चालविलेल्या एनपीटीईएल या उपक्रमातील व्याख्याने इंग्रजीत असली, तरी त्यांतील अनेकांची मराठी व कानडी भाषांतरे उपलब्ध झाली आहेत. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला तेव्हा तो पाहण्यासाठी हुबळीच्या विद्यार्थ्याला एखादे मोठे ग्रंथालय गाठावे लागले असते. तोच विश्वकोश आता त्याच्या खिशात आहे. ‘एन्ट्रॉपी’ म्हणजे काय, हे प्रथम मायबोलीतील दोन परिच्छेदांत वाचून मग इंग्रजी ग्रंथाकडे वळणारा विद्यार्थी त्या ग्रंथातील वाक्यांशी झगडतो, पण कल्पनेशी त्याचा परिचय झालेला असतो. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठी व कानडीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मान्यता दिली. त्या वर्गांना विद्यार्थी किती लाभतील हा निराळा प्रश्न आहे. नोकरीची भाषा इंग्रजी असेतोवर पालक धजणार नाहीत. पण इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलानेही शंका स्वभाषेत विचारावी आणि शिक्षकाने ती तशीच ऐकून घ्यावी, याला कोणत्याही परिषदेच्या मान्यतेची आवश्यकता नाही.

साधनांच्या गुणदोषांची चर्चा चालली असता अंध विद्यार्थ्यांचा उल्लेख बहुधा शेवटी, एखाद्या वाक्यात होतो. तो तसा होऊ नये. पूर्वी अंध विद्यार्थ्याला क्रमिक पुस्तक वाचून दाखविणारा माणूस शोधावा लागे. त्या वाचकाला सवड असेल तेव्हा अभ्यास आणि त्याला नसेल तेव्हा सुट्टी. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी संगणकीय प्रणाली पूर्वी फार महाग होती. २००६ पासून ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य प्रणाली उपलब्ध झाली आणि तिच्यातून मराठीही ऐकता येते. जो विद्यार्थी रात्री बारा वाजता आपल्या इच्छेने पुस्तकाचे पान ‘उलटू’ शकतो, त्याच्या दृष्टीने यंत्र ही केवळ सोय नसते. तो त्याच्या स्वावलंबनाचा आरंभ असतो. मात्र छापील पुस्तकाची तिरकी, धूसर छायाचित्रे गटात पाठविली जातात तेव्हा ही प्रणाली मुकी होते. टिपणे पाठविणाऱ्या शिक्षकांनी ती टंकलिखित स्वरूपात पाठविली, तर या विद्यार्थ्यांचे अर्धे अडथळे दूर होतील, आणि डोळस मुलांचेही त्यात काही बिघडणार नाही.

विनामूल्य आणि उत्तम व्याख्याने मुबलक झाल्यावर शिक्षण सर्वांना मिळेल, अशी आशा मध्यंतरी साऱ्या जगात उत्पन्न झाली होती. अमेरिकेतील हार्वर्ड व एम.आय.टी. या दोन विश्वविद्यालयांनी आंतरजालावर खुल्या केलेल्या अभ्यासक्रमांचा हिशोब २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदविणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे अवघे ३.१३ टक्के होते. आपल्याकडे २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठाचा अनुभव पाहताना हा आकडा विसरून चालणार नाही. एनपीटीईएलने मात्र एक शहाणपणाची गोष्ट केली. महाविद्यालयांत स्थानिक केंद्रे उघडून तेथील प्राध्यापकांनाच मार्गदर्शक नेमले, आणि परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर घेण्याचे ठरविले. व्याख्यान दिल्लीचे असो की मद्रासचे, ‘या आठवड्याचा स्वाध्याय पाठविलास काय’ असे विचारणारा माणूस आपल्याच महाविद्यालयातील असला म्हणजे विद्यार्थी टिकून राहण्याचा संभव वाढतो.

आता त्या निराळ्या अडचणीकडे वळावयाचे. नोव्हेंबर २०२२ अखेर ‘चॅटजीपीटी’ हे संभाषण करणारे यंत्र लोकांच्या हाती आले आणि त्याच्यासारखी इतरही निघाली. ध्वनिमुद्रिकेत जी उणीव होती ती या यंत्रात नाही, निदान वरवर पाहता नाही. त्याला प्रश्न विचारता येतो. ते उत्तर देते. मराठीत विचारले तर मराठीत देते. अकराव्यांदा विचारले तरी कपाळाला आठी घालीत नाही. भाड्याच्या खोलीत एकट्याने अभ्यास करणाऱ्या, ज्याच्या आईवडिलांनी महाविद्यालयाची पायरीही पाहिली नाही, अशा मुलाला हे केवढे वरदान वाटत असेल याची कल्पना वर्गात मोबाइलबंदी करणाऱ्यांनी प्रथम करून पाहावी. त्या मुलाची शंका ऐकणारे असे काही त्याला आयुष्यात प्रथमच मिळालेले असते.

तथापि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने डोळे उघडावेत असे आहे. तुर्कस्तानातील एका विद्यालयात सुमारे एक हजार विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावासाठी असे यंत्र देण्यात आले. हे विद्यार्थी विश्वविद्यालयात पोचलेले नव्हते, तरी तो दाखला येथे गैरलागू नाही. एका गटाला विचारेल त्याचे सरळ उत्तर देणारे यंत्र मिळाले. दुसऱ्या गटाच्या यंत्राला शिक्षकांनी बंधन घातले होते: उत्तर सांगायचे नाही, फक्त पुढची खूण सांगायची. सरावाच्या वेळी पहिला गट यंत्राविना शिकणाऱ्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी सरस ठरला. दुसरा १२७ टक्क्यांनी. नंतर यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. सरळ उत्तरे मिळविणारा गट, ज्यांना यंत्र कधी मिळालेच नव्हते अशा विद्यार्थ्यांहूनही १७ टक्क्यांनी मागे पडला. खुणा मिळविणाऱ्या गटाचे तसे नुकसान झाले नाही.

म्हणजे ऐकून घेणारे यंत्र मिळाले, पण केवळ ऐकून घेणे पुरेसे ठरले नाही. केव्हा सांगायचे नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. कुंदगोळच्या त्या घरातील शिकवणीची रीत येथे पुन्हा आठवते. हुबळीच्या गंगूबाई हनगल आगगाडीने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांपाशी शिकत. गुरू देत ते अगदी थोडे. मोजके स्वर, एखादा पलटा, आणि तो मनासारखा बसेपर्यंत पुढचे काही नाही. आजच्या विद्यार्थ्याला हा कंजूषपणा वाटेल. पण समोरच्याला किती पचेल हे जाणून हात आखडता घेणे ही शिकविण्याच्या कलेतील अवघड गोष्ट आहे, आणि तुर्कस्तानातील शिक्षकांनी यंत्राला नेमके तेच शिकविले.

यातून आपल्या विद्यालयांनी व शासनाच्या शिक्षण विभागांनी काय करावे, याची मोठी यादी देण्याचे कारण नाही. यंत्रे खरेदी करण्याची तरतूद अंदाजपत्रकात सहज होते, कारण त्यांचे उद्घाटन करता येते आणि छायाचित्र घेता येते. दोन वर्षांनी ती बंद पडली तर दुरुस्तीची तरतूद मात्र शोधूनही सापडत नाही. शंका ऐकून घेणाऱ्या माणसाची तरतूद त्याहून क्वचित होते. वास्तविक तिला खर्च फार थोडा लागतो. केशवापुरासारख्या वस्तीत, किंवा तालुक्याच्या गावी, शाळेची एखादी खोली सायंकाळी उघडी ठेवावी. तेथे चारदोन संगणक असावेत, फळा असावा, आणि आठवड्यातून निदान दोन दिवस एखादा निवृत्त प्राध्यापक, रेल्वेतील अभियंता किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थी तेथे बसलेला असावा. मुलाने व्याख्यान घरी मोबाइलवर पाहावे. येथे येऊन मोबाइल बाजूला ठेवावा आणि काय कळले ते कोऱ्या कागदावर लिहून दाखवावे. जेथे त्याचा हात थांबेल तेथून बसलेल्या माणसाचे काम सुरू होईल. यंत्राला प्रश्न विचारण्यासही हरकत नाही. फक्त ‘उत्तर सांगू नकोस, खूण सांग’ असे त्याला प्रथम बजावण्याची सवय मुलांना लावावी, आणि ते चुकले तर चुकले असे म्हणण्याचे धैर्यही द्यावे, कारण हे यंत्र अनेकदा मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचे सांगते.

अशा खोलीची किल्ली कोणाकडे राहील आणि विजेचे देयक कोण भरील, हे प्रश्न पुढे येतीलच. ते ग्रामपंचायतीने किंवा महानगरपालिकेच्या प्रभागाने सोडवावयाचे आहेत, आणि ते पहिल्याच बैठकीत सोडवावेत. कारण किल्ली न सापडल्यामुळे बंद राहिलेल्या खोल्या आपल्या गावोगावी पुष्कळ आहेत.